नग चौदा, पैकी एक रडतंय

गोदामातल्या माणसाला सणाला सासुरवाडीला नुसतं जाता येत नाही. त्याला स्वतःला रवाना करावं लागतं. आमचे भावोजी भिवंडीत राहतात आणि माणकोलीच्या एका गाळ्यात डिस्पॅच सांभाळतात. भिवंडी म्हटलं की लोकांना अजून यंत्रमागच आठवतात, पण माणकोली, राहनाळ, वळ, पूर्णा, दापोडे करत थेट पडघ्यापर्यंत आता गोदामंच गोदामं. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात पडायची, म्हणून व्यापाऱ्यांनी तो वेशीबाहेर ठेवायला सुरुवात केली. 2017 साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली; गोदामं मात्र वाढतच राहिली आणि दर गाळ्यामागे एकेक भावोजी तयार झाला. कानावर पेन, खिशात वही, आणि समोर काहीही दिसलं, लग्नाची वरात असो की मेंढरांचा कळप, की पहिला प्रश्न: "किती नग?"

या जमातीत सगळ्या जातीधर्मांची माणसं सापडतात. कोणी गणपतीला घरची माणसं कोकणात चढवतो, कोणी ईदला उत्तर प्रदेशात. आमचे भावोजी नगरकडचे मराठी ख्रिस्ती, नारायण वामन टिळकांच्या अभंगांवर वाढलेले. ताई वसईची, नंदाखालची. म्हणून आमच्या वाट्याला नाताळ येतो, आणि नाताळात भावोजी येतात, ताईला आणि दीड वर्षाच्या चिमीला घेऊन.

डिसेंबर म्हणजे त्यांच्या गाळ्यात वर्षअखेरच्या सेलची झुंबड. सुट्टी मिळते ती चोवीस तारखेला दुपारी, तीही साहेबाच्या नाकदुऱ्या काढून. पण घरातलं पॅकिंग आठवडाभर आधी सुरू झालेलं असतं. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, नंबराची नोंद वहीत. डायपर, दुधाच्या बाटल्या, खिमटाचा छोटा कुकर, पॉटी, मच्छरदाणी, गोधडी, आणि वाडीतल्या पायवाटेवर दोन पावलंही न चालणारी बाबागाडी. 1534 साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. दोनशे वर्षांनी गाशा गुंडाळणाऱ्या पोर्तुगिजांकडेही एवढं सामान नसावं. यंदा यादीत नग नंबर चौदा म्हणून चिमीचं नाव होतं, तिच्या स्वेटरवर 'नाजूक माल' अशी चिठ्ठी आणि डोक्याच्या दिशेने बाण. ताईने फक्त एवढंच विचारलं, "माझं ई-वे बिल काढलंत का?"

भिवंडीहून वसई फार तर पस्तीस-चाळीस किलोमीटर. दिवा-वसई मार्गावरची मेमू आहे, पण भिवंडी रोड स्टेशनात प्रवासी गाड्या मोजक्या आणि मालगाड्या भरपूर. एका वर्षी भावोजी मालगाडीचे डबे इतक्या मायेने मोजत उभे राहिले, की पलीकडून मेमू निघून गेल्याचं ताईलाच सांगावं लागलं. तेव्हापासून ओळखीच्या ड्रायव्हरची इको ठरते. भाडं ठरतं, वाराईवरून घासाघीस होते. (वाराई, म्हणजे चढवण्या-उतरवण्याची मजुरी, अखेर भावोजी स्वतःलाच देतात आणि वहीत खर्ची टाकतात.) मग अंजूरफाटा, खारबाव, कामण, चिंचोटी. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मधे खड्डे. यंदाची वही मी पाहिली आहे. त्यात निळ्या शाईत लिहिलंय: "खारबाव: उलटी 1. कामण: उलटी 1, शर्ट बदलला (माझा). चिंचोटी: माल शांत." दर थांब्याचा फोटो घरच्या ग्रुपवर पडत होता, आणि आई मोबाइल हातात धरून अंगणात येरझारा घालत होती.

आमच्याकडे नाताळाला आई, मावश्या, काक्या, त्यांची पोरं, पोरांची पोरं असा सगळा गोतावळा जमतो. मूल दारात आलं की ते ज्याच्या हाती लागेल त्याचं. आईकडून मावशीकडे, मावशीकडून काकीकडे, काकीकडून कोणाकडे ते देवालाच ठाऊक. भावोजी वही घेऊन मागे मागे, "आत्ता कोणाच्या ताब्यात आहे? सही करा!" पाच मिनिटांत चिमी स्टॉकमधून गायब. सापडली ती स्वयंपाकघरात, कुलकुलांच्या पिठासमोर. काट्याच्या पाठीवर गोळी दाबून वळायची असते. ही गोळी दाबून खात होती.

तिथेच मोठ्या मावशीची आणि भावोजींची जुंपली. करंज्यांचे डबे फळीवर लावलेले पाहून भावोजी म्हणाले, "मावशी, फिफो पाळा. जी करंजी आधी झाली ती आधी संपवायची." मावशीने तळणीतला झारा वर केला, "मग जो जावई आधी आला, त्याला आधी परत पाठवायचं का?"

संध्याकाळी त्यांनी अंगणातला गोठा तपासायला घेतला. मेंढपाळ दोन, राजे तीन, उंट एक, मेंढ्या सात, योसेफ, मरिया. गव्हाण रिकामी. "मेन नगच शॉर्ट!" बाळ येशू मध्यरात्री ठेवतात हे त्यांना ठाऊक नाही असं थोडंच, पण यादी हातात आली की ठाऊक असलेलंही विसरतं माणूस. आई म्हणाली, "तो रात्री बाराला येतो." भावोजींनी घड्याळ पाहिलं, "वेळेवर?" "दोन हजार वर्षांत एकदाही लेट नाही." असा ट्रान्सपोर्टर आमच्या गाळ्याला का मिळत नाही, या विचारात ते बराच वेळ गव्हाणीपुढे उभे होते.

चर्चमधल्या मिस्साला जायच्या आधी चिमीला थोडं निजवायचं होतं, आणि तिथे सगळं अडलं. तिच्या भिवंडीच्या खोलीमागे मागांचा कारखाना आहे; त्या खटाखटीतच ती जन्मापासून झोपते. वाडीत पानही हलत नव्हतं. त्या शांततेत पोरगी टक्क जागी. काकीने अंगाई म्हटली, मावशीने पाळणा हलवला, मी खुळखुळा वाजवून तिला आणखीच ताजीतवानी केली. शेवटी भावोजींनी खिशातून मोबाइल काढला. खटक-खटक, खटक-खटक! मागांचा आवाज, भिवंडीहून खास रेकॉर्ड करून आणलेला. चिमी मिनिटभरात गाढ, आणि शेजारच्या घरातून विचारणा, "जनरेटर आणलात का?"

मिस्सात ती त्यांच्या खांद्यावर होती. कॉयर उभा राहिला, बसला, फादरांचं प्रवचन झालं, भावोजींनी खांदा बदलला नाही. मी हात पुढे केला तर कुजबुजले, "झोपलेला माल हलवायचा नसतो." प्रवचनाच्या ऐन मध्यावर ती चुळबुळली, त्यांनी घाईने खिशात बटण दाबलं, आणि चर्चभर माग सुरू झाला. फादर थांबले. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी, गाणं सुरू झालं असं समजून, खणखणीत आवाजात पहिली ओळ उचललीसुद्धा.

सव्वीस तारखेला परतीचा दिवस. रिकामी गाडी परत नेणं हे भावोजींच्या धंद्यात पाप. केळ्यांचा घड, आगाशीची सुकेळी, दोदोलचे डबे, मार्झिपान, अळूचे कंद, दोन नारळाची रोपं. इको भरली, दोरी आवळली, भावोजींनी वहीखाली रेघ ओढली. तेवढ्यात आई लुगडं सावरत पिशवी घेऊन आली आणि पुढच्या सीटवर बसली. "पोरीला तिथे कोण बघणार? चार दिवस येते."

भावोजींनी वही पुन्हा उघडली. पेन कानावरून काढलं. खाली-वर बघितलं.

"आई, वजन साधारण किती धरू?"

"गाडी चालू करायला सांगा," आई म्हणाली, "आणि ती सुकेळी माझ्या पायाजवळून काढा."