अण्णांची नम्र सूचना

सिंधुदुर्गातलं गाव म्हटलं की एक देऊळ, एक तिठा, तिठ्यावर एक कट्टा आणि कट्ट्यावर एक सूचनाकार असायचाच. देऊळ पूर्वजांनी बांधलेलं असतं, कट्टा कुठल्याशा निधीतून झालेला असतो, सूचनाकार मात्र मुंबईहून येतो. परळ-लालबागच्या खोलीत उभी हयात काढून, कचेरीत दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे मारून तो निवृत्त होतो. फंडाच्या पैशांतून वडिलोपार्जित घराची कौलं उतरवून स्लॅब घालतो. स्लॅबला पाणी मारून झालं की हात मोकळे होतात आणि मग त्याला गाव दुरुस्तीला आलेलं दिसायला लागतं.

आमच्या गावच्या सूचनाकाराला सगळे अण्णा म्हणतात. अण्णांना कोणी तक्रारखोर समजू नये. तक्रारखोर वेगळा. नळाला पाणी आलं नाही की तक्रारखोराला राग येतो. अण्णांना पाण्याचं काही वाटत नाही, त्यांच्या घरी बारमाही विहीर आहे. पाणी आलं नाही हे लोकांनी ज्या पद्धतीने कळवलं, ती पद्धत त्यांना सदोष वाटते.

अण्णा एरवी मालवणीत बोलतात, भांडतातही मालवणीतच. पण सूचना करायची झाली की घसा खाकरतात, शर्टाच्या खिशातला चार घड्यांचा कागद काढतात आणि थेट पुस्तकी मराठीत शिरतात. "माझी एक नम्र सूचना आहे" हे वाक्य ऐकलं की शहाणी माणसं चपला शोधू लागतात. शेवट "कृपया नोंद घ्यावी" असा होतो. सूचना अमलात आली की नाही याची चौकशी अण्णांनी कधी केल्याचं कोणाला आठवत नाही. नोंद झाली का, ही चौकशी मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळीच करतात.

साहजिकच ग्रामसभा हे त्यांचं माहेर. 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम त्यांनी जाड पुठ्ठ्यात बांधून घेतला आहे. मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी असेल तेवढी माणसं जमली तर गणपूर्ती. नाही जमली तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. यातलं शेवटचं कलम गावाला तोंडपाठ असल्यामुळे पहिल्या सभेकडे कोणी फिरकत नाही. अण्णा दोन्ही सभांना जातात. विषयपत्रिकेवर नळयोजना आली की ते उठून उभे राहतात आणि नळाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. हा विषय सहाव्या क्रमांकावर का? मागच्या इतिवृत्तात नुसतं 'चर्चा झाली' असं का लिहिलंय, कोण काय म्हणालं ते का नाही? आणि माईक डावीकडून उजवीकडे न फिरवता उजवीकडून डावीकडे फिरवला तर मागे बसलेल्या महिला भगिनींना आधी संधी मिळणार नाही का? माईकच्या दिशेवर तासभर कडाक्याची चर्चा होते. तेवढ्यात चहा येतो आणि नळयोजना पुढच्या सभेवर जाते. सरपंच वरून कपाळाला आठ्या घालतात, पण मनातून त्यांना अण्णांसारखा आधार दुसऱ्या कोणाचा नाही.

घरीही तेच. बांगड्याच्या तिखल्याला वास सुटला की अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे. तिरफळं ठेचून कधी घालावीत, हे वहिनींना चाळीस वर्षांत कळलेलं नाही अशी त्यांची पक्की समजूत आहे. वहिनी वाद घालत नाहीत. "व्हय, बरोबर आसा तुमचा. ह्यो नारळ घेवा नि खवून देवा," म्हणून खवणी पुढे सरकवतात. अण्णांना त्याच क्षणी पडवीत कोणीतरी हाक मारल्याचा भास होतो.

एकदा ते देवबागला पाहुण्यांकडे गेले होते. सकाळी किनाऱ्यावर रापण लागलेली. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणलेले, आणि दोन रांगा करून माणसं मागे मागे जात ते ओढत होती. रापणीचा हिशेब सरळ असतो. ओढणाऱ्यांचे वाटे पडतात, वाटेने जाणाऱ्या कोणी चार हात लावले तर त्यालाही कालवणापुरतं मिळतं, नुसत्या बघणाऱ्याला समुद्राचा वारा. अण्णांच्या लक्षात आलं की एका रांगेत माणसं जास्त आहेत. त्यांनी घसा खाकरला. दोन्ही रांगांना क्रमांक द्यावेत, दर दहा मिनिटांनी अदलाबदल करावी आणि ओढताना एकानेच आवाज द्यावा, सगळ्यांनी ओरडू नये. कमरेला दोर अडकवलेल्या एका म्हाताऱ्याने मान न वळवता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अण्णानू, सूचना बरी आसा. पण करतलो कोण?" मग जरा बाजूला सरकून दोरावर एका माणसापुरती जागा केली. "येवा. धरा."

अण्णांनी घड्याळात पाहिलं.

'करतलो कोण?' या दोन शब्दांनी कोकणात आजवर किती योजना जिरवल्या असतील याची मोजदाद नाही. अण्णा त्यावर बरीच वर्षं उतारा शोधत होते. करावंच लागणार नाही अशा सूचना शोधायला हव्यात, हे त्यांना हळूहळू उमगलं. म्हणजे कामाबद्दल नाही, बोलण्याबद्दल. आणि बोलणं म्हटलं तर तिठ्यावरचा कट्टा समोरच होता. तिथे संध्याकाळी गजाली चालतात. सुरुवात बांगड्याच्या भावाने होते, तिथून पर्ससीनवाले, एलईडीची मासेमारी, मुंबई-गोवा महामार्ग, चिपीचं विमान असं करत करत कोणाच्या तरी मेहुण्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर येऊन गजाल रात्रीपुरती थांबते. सगळे एकाच वेळी बोलतात आणि सगळ्यांना सगळं ऐकू येतं.

चतुर्थीला अण्णांचा पुतण्या पुण्याहून आला. तो हिंजवडीत प्रोग्रामर आहे. गणपतीच्या सुट्टीतही त्याच्या मांडीवर लॅपटॉप होताच. रात्री कुठेतरी त्याचं अडलं, तर त्याने स्टॅक ओव्हरफ्लोवर शोधाशोध केली आणि कुठल्याशा परक्या देशातल्या माणसाने पूर्वीच देऊन ठेवलेलं उत्तर त्याला मिळालं. अण्णा पाठीमागून बघत होते. हा काय प्रकार, म्हणून त्यांनी खोदून खोदून विचारलं. पुतण्याने सांगितलं, 2008 मध्ये सुरू झालेली ही प्रोग्रामर मंडळींची जागा. प्रश्न नेमका विचारायचा. नमस्कार-चमत्कार, आभार यांत शब्द घालवायचे नाहीत. तोच प्रश्न आधी कोणी विचारला असेल तर नवा बंद करून जुन्याकडे बोट दाखवायचं. चांगल्या उत्तराला लोक मत देतात, त्याचे गुण उत्तर देणाऱ्याच्या खात्यात जमा होतात आणि ज्या उत्तराने काम झालं त्यावर विचारणारा हिरवी खूण करतो.

अण्णांचे डोळे पाणावले. आपण आयुष्यभर जे शोधत होतो ते कोणीतरी आधीच करून ठेवलंय, असा तो चेहरा होता. पुतण्या पुढेही बरंच सांगत होता. फुकटातलं सॉफ्टवेअर माणसं मिळून लिहितात तिथे कोणी सूचना केली, तर पुष्कळदा उत्तर येतं की बदल तुम्हीच लिहून पाठवा, आम्ही पाहू. म्हणजे तिथेही 'करतलो कोण?' आहेच. पण तोवर अण्णा पुठ्ठा शोधायला माडीवर गेले होते.

अनंत चतुर्दशी झाल्यावर कट्ट्याशेजारच्या विजेच्या खांबाला नियमावली लटकली. पहिला नियम: बाके तीन, विषय तीन. एका बाकावर मासळी, दुसऱ्यावर राजकारण, तिसऱ्यावर महामार्ग. त्या संध्याकाळी सगळे महामार्गाच्या बाकावर चेपून बसले. कारण मासळीची गाडी महामार्गानेच जाते, पुढारी महामार्गावरच खड्डे बघायला येतात आणि चाकरमानी महामार्गावरच अडकतात. उरलेल्या दोन बाकांवर कुत्री झोपली.

दुसरा नियम: नमस्कार नको, थेट प्रश्न. त्या दिवशी बाबल आला तो बसायच्या आधीच म्हणाला, "बांगडो काय भाव?" आतापर्यंत 'काय रे, बरो मां?'ने सुरुवात करणारा माणूस असा अंगावर आलेला बघून लोकांना वाटलं, ह्याच्या घरी काहीतरी बिनसलंय. अर्धा तास त्याची समजूत काढण्यात गेला. भाव शेवटपर्यंत कोणी सांगितला नाही.

तिसरा नियम सगळ्यात कडक होता: झालेली गजाल पुन्हा काढू नये. अण्णांनी त्यासाठी लांब वही घातली होती. कोणी तोंड उघडलं की ते पान उलटून सांगत, "हा विषय गेल्या मंगळवारी झालेला आहे. कृपया तिकडे पाहावे." महिन्याभरात गावातले विषय संपले. एका संध्याकाळी कट्ट्यावर सातजण बसलेले आणि कोणी काही बोलेना. तिठ्यावरून जाणारी एस्टी थांबली, चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलो?"

गुणांचाही प्रयोग झाला. खांबावर खडूने नावं लिहिली. एकाचा गुडघा दुखत होता. त्याने रीतसर प्रश्न विचारला. निर्गुडीच्या पाल्यापासून कणकवलीच्या डॉक्टरपर्यंत तोडगे आले. हिरवी खूण कशावर करायची म्हणून अण्णा खडू घेऊन उभे. तो म्हणाला, "माका काय येड लागला? एकाचा खरा मानलंय तर बाकीचे उद्या माझ्या मयताक येतले काय?" वर कोणीतरी ठराव केला की ज्याचे गुण जास्त त्याने चहा पाजावा. दुसऱ्या दिवसापासून गावात कोणाला कशाचंही उत्तर येईनासं झालं.

अण्णांच्या पुठ्ठ्यात खोट नव्हती. खोट असलीच तर ती एवढीच, की प्रोग्रामरला उत्तर हवं असतं. त्याचं काम अडलेलं असतं, उत्तर मिळालं की तो लॅपटॉप मिटून जेवायला जातो. कट्ट्यावर कोणाचं काहीच अडलेलं नसतं. तिथे उत्तर मिळालं की गजाल मेली आणि जेवायला अजून दीड तास आहे! म्हणून मुरलेला गजालकार उत्तर माहीत असूनही सांगत नाही, 'तसा न्हय ता' म्हणून ते दोन वळणं लांबवतो. गंमत म्हणजे हे सगळ्यात चांगलं जमत असे ते अण्णांनाच. पुठ्ठा लागल्यापासून कट्ट्यावर पुठ्ठ्याचीच गजाल चालू झाली: नियम कोणी केला, त्याला विचारलं कोणी, पुठ्ठा पावसात भिजला तर नियम लागू राहतो की नाही. पुतण्याने फोनवर हे ऐकलं आणि तो हसत सुटला. त्यांच्याकडेही जागा कशी चालावी यावर बोलणारे इतके झाले, की 2009 मध्ये त्यांना वेगळी जागा काढून द्यावी लागली. तिचं नाव मेटा. तिथे कामाचं विचारायचंच नाही, फक्त कामाचं कसं विचारावं यावर बोलायचं. अण्णांनी लगेच चौथ्या बाकासाठी अर्ज लिहिला. तो ग्रामपंचायतीत अजून असेल.

माणसं ऐकत नाहीत म्हटल्यावर अण्णा देवाकडे वळले. तिकडेही त्यांची जुनी थकबाकी होती. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, दरवर्षी देवीचा कौल मिळाल्यावरच तारीख जाहीर होते. चाकरमान्यांना रेल्वेचं आरक्षण करायला सोपं जावं म्हणून ती कॅलेंडरवाल्यांना आधी कळवावी, असं त्यांचं म्हणणं. आचऱ्याच्या गावपळणीत अख्खा गाव गुराढोरांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत राहतो. तीही देवाच्या कौलाने ठरते, तिलाही वेळापत्रक असावं. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच मिळालं, "देवाक इचारा." त्यावर मात्र अण्णा गप्प बसले. परळच्या कचेरीतही साहेबाच्या साहेबाला त्यांनी कधी सूचना केली नव्हती.

पण आमच्या जत्रेच्या दिवशी त्यांनी गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्याला हळूच गाठलं आणि चार घड्यांचा कागद त्याच्या हातात दिला. देवळासमोर गर्दी जमली. मानकऱ्याने नारळ हातात घेऊन खड्या आवाजात सुरुवात केली. गावाची इडापिडा टळो, मुंबईकार पोरांना नोकरी लागो, गुराढोरांना सुखी ठेव. दर वाक्याला अख्खा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणत होता. मग त्याने कागदाकडे तिरप्या नजरेने पाहिलं. "आणि बा देवा म्हाराजा, तिठ्यावरच्या कट्ट्यार बसतत त्या तुझ्या लेकरांका, एका टायमाक एकान बोलूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एकाच वेळी ओरडला.

अण्णांची एवढ्या वर्षांतली ही पहिली मंजूर झालेली सूचना. तीही एकमताने, देवासमोर. मी अभिनंदन करायला गेलो तर अण्णा सभामंडपाच्या खांबाला टेकून खिन्न उभे. कागदाची पाचवी घडी घालत होते.

"काय झाला अण्णानू? मंजूर झाली मां?"

"ह्या काय बरोबर नाय," अण्णा म्हणाले, आणि मग घसा खाकरून पुस्तकी मराठीत शिरले, "विषयावर कसलीही चर्चा झालेली नाही. गाऱ्हाण्याच्या पद्धतीबाबत माझी एक नम्र सूचना आहे."