मसाला पापड, पडद्याआड

आमच्या आणि अक्कांच्या घरामधली भिंत साडेतीन फुटांची. बांधताना मिस्त्रीनं विचारलं होतं, पाच फुटी करू का. अक्का म्हणाल्या, "मग बोलायचं काय शिडी लावून?" तेव्हापासून त्या भिंतीवर सकाळी वाळवण, दुपारी मांजर आणि दिवेलागणीला आमच्या दोघींची कोपरं असतात.

परवा अक्का गोव्याहून आल्या. लेक-सुनेबरोबर आठ दिवस गेल्या होत्या. आल्या त्या संध्याकाळी, बॅगा तशाच पडवीत टाकून, भिंतीशी. मी कुरडयांवरचं फडकं काढत होते.

"मॅडम, मी बारमध्ये बसून आले."

"अक्का, हळू बोला!"

"काहून हळू? चोरी केली का मी? सूनबाई होती संगं, लेक होता. आन् बार म्हणजे आपल्यासारखा नाही वं. पणजीतली एक गल्ली. चार टेबलं. भिंतीवर क्रूस, त्याच्याखाली दिवा, आन् गल्ल्यावर माझ्याच वयाची म्हातारी, फ्रॉक घातलेली. देवघरात बसल्यासारखी बसलेली. मला वाटलं किराणा दुकान हाय. म्हणून तर आत गेले."

आत गेल्यावर काय झालं, ते अक्कांनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तपशील वाढत गेला, पण गाभा एकच होता. दोन बाया आल्या. भाजीच्या पिशव्या खुर्चीशी टेकवल्या. एकेक बिअर घेतली, काहीबाही बोलल्या, हसल्या, पैसे दिले आणि घरी गेल्या.

"कुणी मान वळवून पाहिलं नाही, मॅडम. एक मीच पाहत होते."

"आणि तुम्ही काय घेतलं?"

अक्कांनी इकडंतिकडं पाहिलं. मघाशी 'काहून हळू' म्हणणाऱ्या बाईचा आवाज आता माझ्या कानापर्यंत कसाबसा पोचत होता. "हुर्राक."

काजूच्या बोंडाचा रस पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक मिळते ती उन्हाळ्यातच, साधारण मार्च ते मे. तिच्यात लिंबाचा सोडा, मीठ आणि एक हिरवी मिरची उभी चिरून टाकतात. अक्कांना मिरची पटली. वास मात्र पटला नाही. "आमच्या आजोळी पैनगंगेच्या काठाला मोहाची गाळायचे ना, तसा येतो. नाकाला पदर लावून दोन घोट घेतले. उगं खोटं काहून बोलू, तिसराबी घेतला."

मी शहाणपणानं म्हटलं, काजूच्या फेणीला २००९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालंय. अक्का वसमतच्या. त्यांनी तिथल्या तिथं परतफेड केली. "आमच्या हळदीला २०२४ ला मिळालं. उशिरा मिळालं, पण आमची हळद पिऊन कुणी गटारीत पडत नाही."

खाण्याच्या बाबतीत गोव्यानं अक्कांना जिंकलं ते एका गाड्यावर. "ऑम्लेट मागवलं तर पठ्ठ्यानं शागुतीच्या रश्श्यात बुडवूनच आणलं. रस ऑम्लेट म्हणतात. आपण पोह्यावर तर्री वततो, त्यांनी अंड्यावर वतली. पाव बुडवून बुडवून खाल्ला. लेक म्हणे, आई, बास. म्हणलं, तू गप, मी बाराशे रुपयाच्या रूमची वसुली करायलीय."

तिथं त्यांना सगळे विचारत, हिंगोली कुठं आली? अक्का सांगत, आमच्या स्टेशनवर 'हिंगोली डेक्कन' लिहिलंय. त्यावर पुण्याचं एक जोडपं म्हणालं, अच्छा, म्हणजे डेक्कन जिमखान्याजवळ! अक्कांनी त्यांना थेट निजामापासून सुरुवात करून १ मे १९९९ ला परभणीतून जिल्हा वेगळा झाला तिथवर आणून सोडलं. त्या जोडप्याची उरलेली सुट्टी कशी गेली असेल कोण जाणे.

पण अक्कांचं खरं दुखणं गोव्याचं नव्हतंच. "मला सांगा मॅडम, आपल्या इथं मी अशी बसले असते का?"

प्रश्न बारचा नाही हो, साध्या जेवणाचा आहे. अकोला रोडनं जा, नांदेड रोडनं जा, पाटीवर तीन ओळी ठरलेल्या. हॉटेल अमुकतमुक, परमिट रूम अँड बिअर बार, आणि खाली बारीक अक्षरात 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था'. 'परमिट रूम' हा शब्द महाराष्ट्राबाहेरच्या पाहुण्याला समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला होता. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे. कागदावर इथला प्रत्येक पिणारा परवाना घेऊन पितो. परवाना एका दिवसाचा असतो, वर्षाचा असतो, जन्माचाही असतो. एकविशीच्या आत बिअर नाही, पंचविशीच्या आत व्हिस्की नाही. म्हणजे मतदान अठराव्या वर्षी, नवरदेव एकविसाव्या वर्षी आणि पेग पंचविसाव्या. पाहुणा म्हणाला, तुमच्या सरकारला लग्नापेक्षा दारू जास्त जोखमीची वाटते की काय? मी म्हटलं, सरकारनं दोन्ही करून पाहिलेलं दिसतं.

त्या 'स्वतंत्र व्यवस्थे'चा अनुभव अक्कांनी गेल्या वर्षी घेतला होता. हळद विकली होती. हळदीच्या घरात वर्षाचं खाणंपिणं हळदीवर चालतं. फाल्गुन-चैत्रात काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, मग संत नामदेव हळद मार्केटला नाहीतर वसमतला न्यायची. पट्टी हातात पडली की त्या रात्री घरात चूल पेटत नाही. तर काका, म्हणजे अक्कांचे यजमान, त्यांना हायवेवरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटला घेऊन गेले. नाव अक्कांनी सांगितलं, मी लिहीत नाही, कारण भाकरी चांगली असते तिथली.

"आत गेलो तर पोरगं म्हणे, फॅमिली का? म्हणलं, दिसत नाही का? तर त्यानं मागं नेलं. पत्र्याची खोली, प्लायवूडचे कप्पे, आन् प्रत्येक कप्प्याला हिरवा पडदा. त्या पडद्यावर कुठल्या सालापासूनचा रस्सा वाळलेला. आम्ही बसलो की त्यानं पडदा वढला. मॅडम, मला वाटलं आता डॉक्टर येतो तपासायला!"

मसाला पापड आला. त्याच्यावरचा कांदा बारीक चिरलेला, शेव ताजी, काही म्हणायचं नाही. शेवभाजी आली, गावरान कोंबडी आली, भाकऱ्या आल्या, फोडलेला कांदा आला. सगळं चविष्ट. फक्त हात धुवायला उठलं की पडदा बाजूला, बसलं की पडदा बंद. पंखा पडद्याच्या पलीकडं, वारा पुरुषांना.

"आन् पलीकडून एकेक आवाज. एक जण तर वेटरला सारखा वरडायला, 'चखणा आण बे, किती वेळ!' आवाज वळखीचा."

"कुणाचा?"

अक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी आमच्या दोरीवर वाळत असलेल्या निळ्या शर्टाकडं पाहिलं. मग कुरडयांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "कुरडया यंदा पांढऱ्याफेक झाल्यात तुमच्या."

मी विषय औंढ्याला नेला. नेणं भाग होतं.

औंढा नागनाथाला आमच्याकडची माणसं दर्शनाला जातात हे खरं. पण श्रावणी सोमवारचा उपवास सोडला, तर परतताना भजी खाल्ल्याशिवाय कुणाचं दर्शन पुरं होत नाही. गाभारा जमिनीखाली. एका माणसापुरत्या भोकातून वाकून, बसून, पायऱ्या चाचपत उतरायचं. आतला उकाडा अंगावर घेऊन वर आलं की पहिला वास बेलाचा आणि दुसरा तळलेल्या मिरचीचा. नामदेवांना दारातून हटकलं, त्यांनी मागच्या बाजूला जाऊन कीर्तन मांडलं, आणि देवानं अख्खं देऊळच त्यांच्याकडं फिरवलं, अशी कथा. नंदीही म्हणून मागंच राहिला. अक्कांचं म्हणणं, "देऊळ फिरलं, पण भज्याचे गाडे कुठं फिरले? जिथं गिऱ्हाईक तिथं ते." तिथं मात्र आम्ही बाया उघड्यावर, रस्त्यावर उभ्या राहून, तोंडात मिरची कोंबून हाशहुश करतो. प्रसाद म्हणून खपतं ना सगळं. देवाच्या नावाचा आडोसा असला की पडद्याची गरज पडत नाही.

आता त्याच औंढ्याजवळ लायगो नावाची वेधशाळा येतेय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं दोन हजार सहाशे कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात मांडून त्यात लेझर सोडणार, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी कुठंतरी दोन कृष्णविवरं आदळली तर त्याचा थरकाप इथं मोजणार. प्रोटॉनहून हजारो पट बारीक हालचाल त्याला कळते, असं मी वर्गात मुलांना सांगते तसं अक्कांना सांगितलं.

"एवढी बारीक?"

"हो."

"मग आमचे हे रात्री साडेअकराला चपला हातात घेऊन येतात, ते कळंल का त्याला?"

"अक्का, ते तुम्हाला मशीनशिवाय कळतं."

"हाव, पण पुरावा नसतो ना वं."

दसऱ्याचं तसं नाही, तिथं पुरावा हातातच असतो. दीडशेहून जास्त वर्षांचा आमचा दसरा, रामलीला मैदान, रावण, आकाशपाळणे, प्रदर्शन. त्या दिवसांत हिंगोलीची बाई जी खाते ते वर्षभराचं उट्टं काढून खाते. ताटाएवढा पापड दोन्ही हातांत धरून मैदानभर फिरते आणि समोरून चुलत सासरे आले तरी पापड लपवता येत नाही, एवढा तो मोठा असतो. अक्का एकदा सासऱ्यांसमोर पापडानंच तोंड झाकून उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावरचा पदर बिनचूक जागेवर.

गावाबाहेर मात्र अक्कांना आडोसा लागत नाही. हैदराबादला गेल्या तेव्हाही अक्का इराणी हॉटेलात संगमरवरी टेबलाशी बसून चहात उस्मानिया बिस्किट बुडवून आल्यात. तो चहा त्यांना 'बासुंदीच्या आजारी बहिणीसारखा' लागला, एवढंच त्या शहराबद्दल त्यांचं मत आहे.

हुरड्याचं ऐकून मात्र मलाही हसावं की रडावं कळेना. अक्कांच्या लेकानं पुण्याजवळ कुठं तरी माणशी पैसे मोजून हुरडा पार्टी केली म्हणे. बैलगाडीत बसायचे पैसे वेगळे. मोबाइलवर फोटो पाठवला: आगटीपुढं गॉगल लावलेली सून, हातात कणीस.

"मॅडम, ज्यानं दहावीपर्यंत हुरडा चोळताना हात भाजतात म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं, त्यानं! मी फोनवर म्हणलं, बापाचं शेत हाय ना? तर म्हणतो, आई, तिथं ज्वारी कुठंय आता? सोयाबीन आन् हळदच तर लावता."

ते खरंच होतं. अक्कांना उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यांनी सुनेच्या गॉगलला नाव ठेवलं. गोवऱ्यांची आगटी, तिच्यात खुपसलेली कोवळी कणसं, चोळून फुंकर मारली की तळहातावर उरणारे ते हिरवे दाणे, जवसाची चटणी, गुळाचा खडा आणि मातीच्या गाडग्यातलं दही. ते खाताना आमच्याकडं बाया-पुरुष एकाच आगटीभोवती गोल बसत. सासरे, जावा, सालगडी, पाहुणे, सगळे. तिथं कधी कुणी पडदा लावला नाही, हे अक्कांच्याच तोंडून आलं.

"यंदा अर्धा एकर ज्वारी पेरायला लावते यांना," अक्का म्हणाल्या. "दाणा बारीक असला तरी चालंल. तुम्ही यायचं. साहेबांनाबी आणा. वरडू द्या काय वरडायचं ते, चखणा म्हणून हुरडाच देऊ."

"अक्का, म्हणजे तो आवाज यांचाच होता?"

"मी नाव घेतलं का?"

"आणि रविवारी हायवेला जायचं का आपण दोघी? पुढच्या खोलीत बसू. पंख्याखाली."

अक्कांनी कोपर उचललं, पुन्हा टेकवलं. डोळ्यांत पणजीतली ती गल्ली येऊन गेल्यासारखं वाटलं. "पडदा वढायला आलं पोरगं तर?"

"तर म्हणायचं, राहू दे."

"आन् वळखीचं कुणी दिसलं तर?"

"त्यांनी लाजावं. आपण शेवभाजी खातोय."

तेवढ्यात फाटक वाजलं. काका आत आले, हातात काळी पिशवी, पिशवीत काहीतरी उभं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. भिंतीशी आम्हाला पाहून त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आमच्या नजरेच्या पलीकडच्या.

"काय चाललंय?" काका म्हणाले.

"काही नाही," अक्का म्हणाल्या. "मॅडमला विचारायले, कुरडईचा गहू किती दिवस भिजू घालायचा."

"तीन," मी म्हटलं.