डॅगनहॅमचं घर आणि चिरंजीवांचा गुणाकार

ती. मामा व ती. आत्याबाई यांस,

आत्याबाईंनी फोनवर विचारलं होतं, 'घर घेतलं का?' तुमचे चिरंजीव घरं बघतात मात्र रोज. भाड्याच्या घराच्या खिडकीतून, समोरच्या ओळीतली.

डॅगनहॅमची ही बेकनट्री वसाहत लंडन काउंटी कौन्सिलनं १९२१ पासून कामगारांसाठी बांधली. घरं सव्वीस हजारांच्या आसपास. संडास घरात, पुढंमागं बाग, आणि कुंपणाची झुडपं भाडेकरूनं नीट कातरून ठेवायची, असा नियम. १९८० च्या कायद्यानं भाडेकरूंना ती सवलतीत विकत घेता आली. आता त्यातलंच तीन बेडरूमचं घर साडेतीन-चार लाख पौंडांना जातं. चिरंजीवांनी पौंडाचे रुपये केले. चार कोटी! त्या दिवशी त्यांनी दुसरा चहा मागितला नाही.

त्याच सुमारास हेच इंग्रज मुंबईत बी.डी.डी. चाळी बांधत होते. वरळी-नायगावच्या कामगाराला १६० चौरस फुटांची खोली आणि संडास सगळ्यांत मिळून. बागच नाही, म्हणजे झुडपं कातरायची कटकटही नाही, तेवढी मेहेरबानी. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटच्या चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये, फुकट. गिरणी कामगारांना मात्र म्हाडाच्या २०१२ च्या सोडतीत २२५ चौरस फुटांचे साडेसात लाख मोजावे लागले, २०१६ मध्ये साडेनऊ. तोवर त्यांच्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे होते.

आपल्याकडं किल्लारीच्या भूकंपानंतर काय झालं ते मामांना सांगायला नको. भूमिहीनाला २५० चौरस फूट, सात हेक्टरांच्या वर जमीन असलेल्याला ७५०. पडताना सगळी घरं सारखीच पडली, उभी राहिली ती सातबारा बघून.

त्यापेक्षा हायवेनं सोलापूर गाठा. कुंभारीला कामगार नेते आडम मास्तरांच्या पुढाकारानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली, २००६ मध्ये मनमोहन सिंगांच्या हस्ते ताब्यात दिली. घरामागं वीस हजार रुपये केंद्राचे, वीस राज्याचे, वीस बाईचे. पुढं तिथंच रे नगर झालं. जानेवारी २०२४ मध्ये पहिली पंधरा हजार घरं मिळाली. डॅगनहॅम असो की कुंभारी, कामगाराला परवडलं ते सरकारनं पैसा घातला तेव्हाच. नुसत्या बाजारभावानं लंडनमध्ये पगारदार इंजिनिअरसुद्धा खिडकीतच बसतो, हे तुमच्या सुनेनं डोळ्यांनी पाहिलंय.

आता मुद्द्याचं. बँक आधी दहा टक्के रोख मागते, म्हणजे चाळीसेक लाख. चिरंजीवांची नजर हायवेलगतच्या आपल्या प्लॉटवर आहे. रविवारी त्यांचा फोन येईल, आधी पिकापाण्याची चौकशी करतील, मग हळूच विषय काढतील. मामा, तेवढ्यात रेंज गेली म्हणून फोन ठेवून द्या.

आपली सून