तात्यांचा पाव्हणा

मुरगूडमध्ये तात्यांच्या घरी जायचं असेल तर जेवून जाऊ नये. जेवून गेलेल्या माणसाचे तिथं फार हाल होतात. तात्यांची उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसानं भरलेली गाडी तोलून आत घ्यायची, रिकामी झाली की पुन्हा तोलून बाहेर सोडायची. घरचा काटा त्यांनी बरोबर उलटा लावलाय. माणूस रिकामा आत यावा आणि भरून बाहेर पडावा.

आग्रह कोल्हापूर जिल्ह्याला नवा नाही. पण बाकीचे लोक दोनदा "घ्या की" म्हणून तिसऱ्यांदा पळी खाली ठेवतात. तात्यांचं तिसऱ्या वेळेला कुठं सुरू होतं. ताटावर आडवा धरलेला हात त्यांच्या लेखी नकार नसतो, लाज असते. ती मोडेपर्यंत ते पांढऱ्या रश्श्याची पळी हातावर अधांतरी धरून उभे राहतात. एका मधुमेहवाल्या व्याह्यांना त्यांनी "साखर बंद हाय न्हवं? मग गुळाची पोळी घ्या" म्हणून दोन वाढल्या होत्या. व्याही अजून येतात, पण चहाच्या वेळेला येतात आणि पायातलं न काढता जातात.

अशा माणसाच्या परड्यात आषाढात नानेटी निघाली.

वेदगंगेचं पाणी पात्राबाहेर पडलं होतं आणि पाऊस उसंत देत नव्हता. वैरणीच्या भाऱ्याखालून हातभर लांबीचा, तपकिरी अंगाचा, पाठीवरून शेपटीपर्यंत दोन पिवळसर पट्टे ओढलेला साप बाहेर आला तशी गल्ली काठ्या घेऊन धावली. कुणी म्हणालं फुरसं, कुणी म्हणालं नागाचं पिल्लू. नानेटीला विष नसतं, बेडकांशिवाय तिच्यापासून कुणालाच धोका नाही, पण हातात काठी आली की माणसाला साप विषारीच लागतो. तात्या मधे आडवे झाले. "पावसापाण्याचं दारात आलंय, आन् उपाशी मारता व्हय?" मारण्याला त्यांची किती हरकत होती ठाऊक नाही. उपाशीला होती.

त्यात पुतण्या अमेरिकेत. त्याच्या शेजारचा पोरगा काचेच्या पेटीत एक पट्टेवाला साप पाळतो, ते तात्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं. गार्टर म्हणतात त्याला. "ह्योच की त्यो! अमेरिकेत ऱ्हातो म्हणून काय जात बदलती?" इथं मात्र तात्यांचा नेम बसला होता. गार्टर आणि नानेटी खरोखरच एका कुळशाखेतले. दोघांनाही ओल, गवत आणि बेडूक प्यारे. फरक एवढाच, की गार्टर पिल्लांना जन्म देतो आणि नानेटी अंडी घालते. हा फरक ऐकून काकू म्हणाल्या, "म्हंजे आता अंडीबी घालणार? माझ्या घरात?"

नातवाचे सोनेरी मासे मेल्यापासून रिकामी पडलेली काचेची पेटी धुऊन पुसून सोप्यात आली. वर मच्छरदाणीचा तुकडा, त्यावर चार कोपऱ्यांना चार विटा. आणि मग आग्रह सुरू झाला.

पहिल्या दिवशी वाटीभर दूध. दुसऱ्या दिवशी कच्चं अंडं. आषाढी अमावास्येला, घराघरांत मटण शिजत असताना, खिम्याचे बारीक गोळे, बिनतिखटाचे. तात्या काचेला नाक लावून बसायचे. "घे की. लाजतीस काय? घरातलंच हाय सगळं." नानेटी जीभ बाहेर काढायची. "बघा, चव घ्यायला लागली!" ती वास घेत होती. साप जिभेनं हवेतले वासाचे कण टिपतो, आणि त्या हवेत बेडूक सोडून बाकी सगळं होतं. बेडकाचा विषय मी काढला होता, पण बेडूक ठेवायचा कुठं यावर काकूंनी फ्रीजच्या दाराला पाठ लावून जो पवित्रा घेतला, त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

वजनाचा माणूस तो. नानेटीला प्लॅस्टिकच्या डब्यात घालून तात्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. भरलेला डबा तोलला, सापाला दुसऱ्या डब्यात घालून रिकामा डबा तोलला, वजाबाकी केली. निव्वळ वजन चाळीस ग्रॅम. दुकानदार त्या दिवशी गिऱ्हाइकाविना बसला. चार दिवसांनी पुन्हा तोललं तर दोन ग्रॅम तूट. कारखान्यात एवढ्या तुटीकडं कुणी ढुंकून पाहिलं नसतं, पण तात्यांची त्या रात्रीची भाकरी अर्धी ताटात राहिली.

पुतण्याला पुन्हा फोन गेला. तो शहाणा आहे. म्हणाला, तात्या, इथंसुद्धा जाणकार लोक रानातला धरलेला साप ठेवू नका म्हणतात. पोटात जंत असतात, माणसाच्या धाकानं खात नाही, लपायला जागा नसेल तर आणखी खात नाही. पोरांनी पाळलेले साप पेटीतच जन्मलेले असतात. त्यांनाही नुसते मासे घालून चालत नाही. गोल्डफिशसारख्या काही माशांत बी-वन जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, तेच रोज घातले तर साप लटपटायला लागतो. या सगळ्यातलं तात्यांना 'बी-वन' तेवढं पक्कं कळलं. संध्याकाळी ते मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन आले आणि एक कुटून दुधात घातली. दूध पिवळं झालं. मांजरानंही तोंड लावलं नाही.

मग थंडी वाजत असेल असं निघालं. आदमापुरात बाळूमामांच्या भंडाऱ्याला घेतलेलं घोंगडं पेटीवर पडलं. घोंगडं अंगातली ऊब धरून ठेवतं. ज्याला स्वतःची ऊबच नाही, बाहेरच्या उन्हावर ज्याचं सगळं चालतं, त्याला घोंगड्यानं नुसता अंधार होतो. ते पटवायला मी गेलो, तर मलाच थालीपीठ खावं लागलं.

एकदा तात्यांनी प्रेमानं तिला हातात घेतलं. नानेटी चावली नाही. तिनं मान चपटी केली, खवल्यांमधली निळी कातडी दाखवली आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतला घाण वासाचा रस त्यांच्या नव्या नेहरू शर्टावर सोडला. आयुष्यात इतका स्वच्छ नकार तात्यांना कुणी दिला नसेल. "घाबरलंय बिचारं," ते म्हणाले. शर्ट काकूंनी चिमट्यानं उचलला.

नागपंचमीला घराची जत्रा झाली. लाह्या, हळदकुंकू, दुधाच्या वाट्या. बत्तीस शिराळ्यात जिवंत नागाची पूजा न्यायालयाच्या आदेशानं बंद झाली, आणि मुरगुडात तात्यांची सुरू झाली. बायका मातीचा नाग घरी ठेवून इकडं आल्या. साप दूध पीत नाही, पाण्याविना ठेवला तर तहानेपोटी तोंड घालतो आणि ते दूध त्याला बाधतं, हे त्या दिवशी सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या गर्दीतच एक सर्पमित्र पोरगा होता. आजोळ चंदगड तालुक्यातलं ढोलगरवाडी. तिथं बाबूराव टक्केकर गुरुजींनी शाळेतल्या पोरांच्या हातात साप देऊन त्यांची भीती घालवली, शाळेतच सापांचं घर उभं केलं. त्या गावचं पाणी प्यालेला पोरगा तो. गर्दी पांगेपर्यंत गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तात्या, १९७२ चा कायदा हाय. वन्यजीव घरात ठेवता येत न्हाई. वनखात्याला कळलं तर केस हुईल."

"ठेवलाय कुणी? पाव्हणा आलाय."

"पाव्हण्याला वरनं विटा ठेवत्यात व्हय, तात्या?"

तात्या गप्प झाले. काकूंनी त्या पोराकडं ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर आम्ही त्यांच्या जावयाच्याही वाट्याला आलेली पाहिली नव्हती. तात्यांनी एवढंच विचारलं, "न खाता किती दीस काढंल?" पोरगा म्हणाला, "आठवडंच्या आठवडं काढतोय साप. पर हितं खाणार न्हाई त्यो. तुमी कितीबी म्हणा."

"कितीबी?"

"कितीबी."

पुढच्या सोमवारी सकाळी सगळे पेटी घेऊन सर पिराजीराव तलावाच्या काठाला गेले. परड्यात सोडली असती तर गल्लीच्या काठ्या अजून कोपऱ्यात उभ्या होत्याच. पेटी आडवी केली. नानेटी गवतात शिरली आणि दिसेनाशी झाली. तात्यांनी सोबत अंडं आणलं होतं, वाटेत भूक लागली तर म्हणून. ते पोरानं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

परत येताना तात्यांनी पोराचा दंड धरला. "चल, चार घास खाऊन जा."

"आज श्रावणी सोमवार, तात्या. उपास हाय."

तात्यांचा चेहरा उजळला. पाट मांडला गेला. शाबूची खिचडी, वऱ्याचा भात, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, वर सायीचं दही. अर्ध्या तासानं मी खिडकीतून डोकावलो. पोराचा हात ताटावर आडवा होता, त्यावर आमटीची पळी अधांतरी थांबली होती आणि काकू उंबऱ्यात येऊन मला विचारत होत्या, "आता ह्याला सोडवायला कुणाला बोलवायचं?"