ताशी २५०, क्रॉसिंगला उभी

स्वीडनच्या उत्तरेला बॉथनियाच्या आखातालगत बांधलेल्या रेल्वेमार्गाचा कमाल वेग ताशी २५० किलोमीटर आहे. मार्ग एकेरी आहे.

क्रॅमफोर्सच्या उत्तरेपासून उमेओपर्यंतचा हा १९० किलोमीटरचा टप्पा २०१० मध्ये सुरू झाला. उमेओ ते लुलेओ या पुढच्या सुमारे २७० किलोमीटरच्या टप्प्याचे काम २०१८ पासून चालू आहे, तोही एकेरीच. जुना मार्ग १८९४ मध्ये बोडेनला पोहोचला तो जंगलातून, कारण शत्रूची जहाजे समुद्रातून रूळ उडवतील अशी धास्ती होती. माणसे किनाऱ्यावर राहिली, रेल्वेची सोय झाली मूस हरणांची.

एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला लूप लाइनवर जाऊन दुसरीची वाट पाहावी लागते. याला क्रॉसिंग म्हणतात. गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला ते समजावून सांगण्याची गरज नाही. ताशी २५० ने धावणारी गाडी मिनिटाला चार किलोमीटरहून अधिक अंतर कापते. म्हणजे लाकडाने भरलेल्या मालगाडीसाठी ती ५ मिनिटे उभी राहिली, की २० किलोमीटर जागच्या जागी संपले. वेग कमी करण्यात आणि पुन्हा पकडण्यात जातो तो वेळ वेगळाच. अर्थात सुरुवातीची कित्येक वर्षे हे नुकसान इतके झाले नाही. त्या वेगाची गाडीच तिथे नव्हती. धावत होत्या त्या १८० आणि २०० च्या. २५० हा वेग रुळांचा होता, आणि रूळ कुठे जात नाहीत.

गरज पडल्यास दुहेरीकरण करता येईल, हे अशा प्रकल्पांतले पेटंट उत्तर. इथे सुमारे २५ किलोमीटरचे बोगदे आहेत. म्हणजे गरज पडेल तेव्हा तोच डोंगर शेजारून पुन्हा पोखरायचा, त्याच नदीवर शेजारी दुसरा पूल उभारायचा, आणि तेव्हाच्या दराने. जमीन घेताना हात आखडला नाही, खडक फोडताना नाही, उद्घाटनाला तर नाहीच. काटकसर आठवली ती दुसऱ्या रुळाशी! पाटावर बसवून पाच पक्वान्ने वाढायची आणि पाणी मागितले की उद्या या म्हणायचे, असला हा कारभार.

दक्षिणेकडे निघालेली गाडी सुंड्सवालला पोहोचते. तिथून येव्लेपर्यंतचा मार्ग १९२७ सालचा आहे, आणि बहुतांशी एकेरी.