जिना झाडायची पाळी

परदेशातून आलेल्या संशोधकाला एकटं वाटू नये म्हणून विद्यापीठं हल्ली फार कष्ट घेतात. जर्मनीतल्या ट्युबिंगनमध्येही घेतात. आल्याआल्या एक पिशवी मिळते. तिच्यात गावाचा नकाशा, पेन आणि आणखी एक पिशवी असते. मग चहापान. एका हातात कागदी कप, दुसऱ्यात केकचा तुकडा आणि छातीवर नावाची चिठ्ठी अशा अवस्थेत माणसं एकमेकांना तेच ते तीन प्रश्न विचारतात. कुठून आलात, काम कशावर करता, आणि कॉन्ट्रॅक्ट कधीपर्यंत आहे? तिसऱ्याचं उत्तर ऐकून किती जीव लावायचा ते समोरचा मनात ठरवतो.

त्यात त्याचा दोष नाही. हंगामी संशोधकांसाठी इथल्या कायद्याने पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं अशी ढोबळ मर्यादा घातली आहे, आणि हातात पडणारी करारपत्रं बहुधा वर्ष-दोन वर्षांची. त्यामुळे आमच्यात ओळखीपेक्षा निरोपसमारंभ जास्त. प्रयोगशाळेतला ब्राझीलचा मित्र माझ्या हातचं पिठलं जरा आवडीने खायला लागला होता, तोवर त्याला कोपनहेगनला जागा मिळाली. तो गेला, त्याचा राइस कुकर माझ्याकडे राहिला. माझं अर्धं स्वयंपाकघर अशा गेलेल्या मित्रांच्या कृपेवर चालतं.

हे काही आजचं नाही. फ्रीड्रिख मीशर हा स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा तरुण डॉक्टर १८६८ साली इथे आला. ज्याच्या हाताखाली तो काम करायला आला त्या फेलिक्स होप्पे-झायलरची प्रयोगशाळा गावाच्या डोक्यावरच्या किल्ल्यात होती आणि मीशरच्या वाट्याला आला तिथला जुना मुदपाकखाना. रुग्णालयातून पुवाने भरलेल्या पट्ट्या आणायच्या, त्या धुऊन पांढऱ्या पेशी गोळा करायच्या आणि त्यांची केंद्रकं वेगळी काढायची, हा त्याचा उद्योग. १८६९ मध्ये त्यातून जो पदार्थ हाती लागला त्याला त्याने ‘न्यूक्लेइन’ म्हटलं. आज आपण डीएनए म्हणतो. आणि त्याच वर्षी हा गडी लाइपझिगला निघूनही गेला. आता त्या मुदपाकखान्यात त्याच्या कामाचं प्रदर्शन आहे. मी ते दोनदा बघितलं. विज्ञान सगळं नीट मांडलंय, पण रविवारी संध्याकाळी तो कुणाकडे जेवायला जायचा, याबद्दल चकार शब्द नाही. त्याला ऐकायलाही कमी यायचं. चहापान त्याच्या काही कामाचं नव्हतं.

मला इथे माणसं मिळाली ती जिन्यात.

ट्युबिंगन श्वाबेन भागात येतं आणि श्वाबेनमध्ये ‘केअरवोख’ नावाचा प्रकार आहे. आठवड्याच्या सुरुवातीला एक पाटी तुमच्या दाराला लटकते. ती दिसली की तो आठवडा तुमचा. छोट्या पाळीत आपल्या मजल्यापुढचा जिना झाडायचा आणि पुसायचा; मोठ्या पाळीत तळघर, अंगण, घरासमोरचा फुटपाथ आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ. एबरहार्ड नावाच्या ज्या सरदाराने १४७७ साली इथलं विद्यापीठ काढलं, त्याच्याच राजवटीतल्या स्टुटगार्टच्या १४९२ च्या नियमांपर्यंत लोक या प्रथेचं मूळ नेतात. एकाच माणसाने पोथीही दिली आणि केरसुणीही. पोथीवाले येतात-जातात, केरसुणी मात्र अजून भाडेकरारात ठाण मांडून आहे.

आमच्या इमारतीत या शास्त्राच्या अधिकारी म्हणजे तळमजल्यावरच्या आजी. मी जिना पुसून वर गेले की खाली त्यांचं दार उघडल्याचा आवाज येई. मग शांतता. मग माझी बेल. इन्स्टिट्यूटमध्ये सगळं इंग्रजीत चालत असल्यामुळे माझं जर्मन तोवर बेकरीपुरतं होतं. आजींनी ते ‘कोपरा’, ‘बादली’ आणि ‘पुन्हा’ इथपर्यंत वाढवलं. प्रबंधाच्या परीक्षकांनीही माझ्या कामाकडे इतकं बारकाईने पाहिल्याचं मला स्मरत नाही. आजींचा राग येत नव्हता असं नाही, पण या गावात मी काय करते आणि काय करत नाही, याची दखल घेणारं तेवढं एकच माणूस होतं.

पुढे आठवड्यांची अदलाबदल सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या बसचालकाला मुलीकडे जायचं होतं, त्याची पाळी मी केली. माझी परिषद आली, माझी त्याने केली. परिषद कशावर होती हे त्याने विचारलं नाही. जेवण कसं होतं ते मात्र तपशिलात विचारलं. असं एकदा देणं-घेणं सुरू झालं की चहापानाचं निमित्त लागत नाही.

स्टुटगार्टच्या बाजूला मराठी मंडळी गणपती बसवतात, तिथेही मी हेच पाहिलं. पाहुणी म्हणून गेलं की मोदक मिळतो आणि ‘पुण्यात कुठे?’ हा प्रश्न. ‘सदाशिव’ म्हटलं की संभाषण संपतं. आरतीनंतर खुर्च्या रचायला थांबलं, तर मात्र एखाद्या काकू हातात पातेलं देऊन ‘अगं, हे तेवढं घासून टाक’ म्हणतात आणि पुढच्या वर्षीच्या यादीत आपलं नाव परस्पर चढतं. कामात अडकवण्याची हीच तऱ्हा ट्युबिंगनमध्येही आहे. तिथे नेकार नदीत दरवर्षी लांबलचक लाकडी होड्यांची शर्यत होते. शेवटी येणाऱ्या चमूला अर्धा अर्धा लिटर कॉड माशाच्या यकृताचं तेल प्यावं लागतं, आणि वर पुढच्या वर्षीची शर्यत भरवण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात. हरला म्हणून कुणी हाकलत नाही. उलट वर्षभर अडकवून ठेवतात. श्वाबेनच्या माणसाचं आणि आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीचं इथे चांगलंच जुळेल.

गेल्या डिसेंबरात मी पुण्याला जाऊन आले. नेमका माझ्या मोठ्या पाळीत बर्फ पडला. आजींनी सत्तरी उलटून गेलेली असताना सकाळी लोक कामावर निघायच्या आत फुटपाथ मोकळा केला आणि मी परतल्यावर बॅग जिन्यात असतानाच मला त्याचा हिशेब सांगितला. त्यांच्या मते बर्फाचा एक आठवडा म्हणजे साधे दोन. बसचालकाचं मत दीड. माझ्या कॉन्ट्रॅक्टचे फार महिने उरलेले नाहीत, हे मी आजींना सांगून पाहिलं. वाढवून घे म्हणाल्या, इथे देणं बाकी आहे.