वैराग्याचा तुरा

वैराग्य आणि आस्थापनेची फेरिस्त यांचा कार्यकारणसंबंध आपल्या दर्शनकारांच्या नजरेतून कसा निसटला, हे मला आजतागायत उमगलेले नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल एकत्र होऊन नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला गेली, आणि होळकरशाहीत नेमणूक होऊन आधीच्या विलीनीकरणातून कसाबसा तरलेला माझ्यासारखा कारकून आता कोणत्या श्रेणीत, कोणाच्या हाताखाली आणि मुळात कोठे बसणार, याचा हुकूम सुटेपर्यंत ज्येष्ठतेच्या यादीत माझ्या नावापुढे केवळ एक प्रश्नचिन्ह उरले. नेमक्या त्याच सुमारास मला ईश्वराची हाक ऐकू येऊ लागली.

हाक ईश्वराची होती. तपशील मात्र मी भरले. गौतमपुरा रोड स्टेशनावर गाडी धरावी, फतेहाबादला बदलावी आणि उज्जैनला क्षिप्रातीरी संन्यासाचा दंड धारण करावा. नावाच्या अखेरीस 'आनंद सरस्वती' असावे, कारण ते स्वाक्षरीत शोभते. चातुर्मास मात्र इंदुरासच करावा, म्हणजे ज्या साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालावर 'सामान्य' असा शेरा मारला होता, ते पाद्यपूजेच्या रांगेत तिष्ठत असता आपण त्यांना ओळखूनही न ओळखल्यासारखे प्रसन्न हसावे.

येथे थोडे विषयांतर करतो, आणि मी गौतमपुऱ्याचा रहिवासी असल्यामुळे ते थोडे राहणार नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, धोकपाडव्याला, आमच्या गावाचा 'तुर्रा' आणि शेजारच्या रुणजीची 'कलगी' यांच्यात हिंगोटयुद्ध होते. हिंगोटाचे टणक कवचाचे फळ कोरून वाळवायचे, आत दारू ठासायची, तोंड मातीने लिंपायचे, बांबूची कामटी बांधायची; मग देवनारायणाचे दर्शन घेऊन, एका हातात ढाल आणि खांद्याला हिंगोटांची झोळी अशा थाटात समोरासमोर उभे राहायचे आणि सांज कलली की पेटलेले हिंगोट एकमेकांच्या रोखाने सोडायचे. साफे जळतात, माणसे भाजतात, आणि अखेरीस जय कोणाचाच नाही, पराजयही कोणाचा नाही. मराठी वाचकाला कलगी-तुरा म्हटले की डफ-तुणतुण्यावरचे शाहिरी सवाल-जबाब आठवतील: तुरेवाले शिवाला थोर मानणारे, कलगीवाले शक्तीला. आमच्या माळव्याकडे आख्यायिका अशी की, तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांच्यातला हाच वाद चंदेरीच्या राजापुढे इतका रंगला की राजाने खूश होऊन एकाला तुरा बहाल केला आणि दुसऱ्याला कलगी. या आख्यायिकेवर माझा फार जीव आहे. एक गोसावी, एक फकीर, दोघांनीही घरदार सोडलेले, आणि दोघेही दरबारातून निघाले ते शिरोभूषणे घेऊन! पगडी नसलेल्या डोक्यात तुरा खोवतात कोठे, असे कोणी विचारील. पण विरक्त मनुष्य त्यापुरती जागा नेहमी राखून असतो.

आमच्या घरी कलगीचा पक्ष अर्थातच पत्नीकडे. गेरूत बुडवलेले माझे पंचे दोरीवर पाहून तिने खुलासा मागितला, तेव्हा मी टेंब्ये स्वामींचे, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींचे, उदाहरण पुढे केले. त्यांनी दंड घेतला तो इथून जवळच, उज्जैनला, नारायणानंद सरस्वतींपाशी.

"घेतला ना," ती तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "पण 1891 साली पत्नी अन्नपूर्णाबाई गेल्यावर. अहो, मी अजून आहे! आणि त्यांचेच शिष्य नानामहाराज तराणेकर इंदुरात संसार सांभाळून लोकांना मार्ग दाखवतात, ते बरे तुम्हांला दिसत नाहीत."

हिंगोट वर्मी बसला.

त्या रात्री मला ज्ञानदेवांचे वडील, आपेगावचे विठ्ठलपंत आठवले आणि विनोदबुद्धीने माझी साथ सोडली. ते काशीस जाऊन संन्यासी झाले. आळंदीला त्यांची पत्नी रुक्मिणी मागे उरली. पुढे गुरूला सारे कळले तेव्हा त्याने शिष्याला परत संसारात धाडले, आणि गावाने त्या कुटुंबाला वाळीत टाकले, मुलांची मुंज नाकारली. ज्ञानदेवादी भावंडांच्या तेजाने आपण दिपून जातो, ते योग्यच. परंतु नवऱ्याच्या वैराग्याचे आणि मग त्याच्या पुनरागमनाचेही देणे जिने फेडले, त्या बाईची बाकी आपण कोणत्या खतावणीत मांडली? घर सोडणाऱ्याची चरित्रे होतात, पोथ्या होतात, उत्सव होतात. मागे राहून वाण्याची उधारी चुकती करणारीच्या वाट्याला फार तर एक ओवी येते. ज्या गावाला मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंचे नाव आहे, त्या गावात बसून मला याचा संताप येतो, आणि तो गमतीचा नाही.

सकाळी पत्नीने निवाडा दिला. "बढतीचा हुकूम हाती पडेल त्या दिवशी हाक आली, तर मला सांगा. छाटी मी स्वतः रंगवून देईन."

यथावकाश माझे नाव यादीत बसले. पुढे बढतीही झाली. हुकूम हाती घेऊन मी डोळे मिटले आणि शक्य तितक्या श्रद्धेने कान देऊन उभा राहिलो. हाक आली, नाही असे नाही. पण ती चपराशाची होती, आणि तो पेढे मागत होता.